रिकाम्या खुर्चीचा इतिहास



२०१४ सालच्या उन्हाळ्यात आपल्या हापूसला युरोपचा दरवाजा बंद झाला होता, ही गोष्ट पुष्कळांच्या स्मरणात असेल. १ मेपासून भारतातला आंबा आणि त्याच्या जोडीला वांगी, अळू, कारली व पडवळ यांना युरोपीय संघात प्रवेश नाही, असे जाहीर झाले. कारण असे सांगण्यात आले की, २०१३ साली भारतातून गेलेल्या फळाभाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी किंवा तसलीच दुसरी कीड सापडली होती. ऐन हंगामात हा घाव बसल्यामुळे रत्नागिरी-देवगडपासून वाशीच्या बाजारापर्यंत हळहळ झाली. ते स्वाभाविकच होते. परंतु त्या हळहळीत एक साधा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. ही बंदी घातली कोणी?

'युरोपने घातली' असे आपण म्हणून मोकळे झालो. पण युरोप म्हणजे काही एखादा राजा नव्हे की सकाळी उठून त्याने फर्मान काढावे. आपल्या आंब्याचे युरोपातले मोठे गिऱ्हाईक म्हणजे इंग्लंड, आणि इंग्लंड तेव्हा संघाचे सभासद होते. लंडनच्या व्यापाऱ्यांनी आपल्या सरकारकडे गाऱ्हाणे नेले. पण त्या सरकारला एकट्याने ही बंदी उठवता येण्यासारखी नव्हती. ज्या इंग्रजांनी पेशवाई बुडवल्यावर येथे बसून सव्वाशे वर्षे आमच्यासाठी कायदे केले, त्यांना आपल्याच बाजारात हापूस येऊ द्यावयाचा की नाही हे स्वतःच्या मुखत्यारीने ठरवण्याची सोय उरली नव्हती! आम्हाला यात सुडाचा आनंद होत नाही, नवल मात्र वाटते. बंदीचा कौल दिला होता तो ब्रुसेल्समधील एका समितीने. तीत २८ राष्ट्रांचे वनस्पतिरोगतज्ज्ञ बसत. आणि तेथे मत घ्यावयाची वेळ आलीच, तर प्रश्नाचा निकाल बहुमताने लागे. मार्चमध्ये समितीचा कौल झाला, एप्रिलमध्ये आयोगाने हुकूम काढला. पुढे आपल्याकडची तपासणी सुधारली, तेव्हा मुदत संपण्यापूर्वीच, २०१५ च्या आरंभी, आंब्यापुरती बंदी उठली. तीही त्याच रस्त्याने.

स्वतंत्र, सार्वभौम, एकमेकांशी शतकानुशतके लढलेली राष्ट्रे एका मेजाभोवती बसतात, मत मोजले जाते, आणि ज्याचे मत पडले तोही घरी जाऊन तो कायदा पाळतो, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. करारांची कलमे वाचून ती समजत नाही. ती समजून घेण्यासाठी इतिहासाकडे, आणि त्यातल्या त्यात सात महिने रिकाम्या राहिलेल्या एका खुर्चीकडे गेले पाहिजे.

पहिल्या महायुद्धानंतर जिनीव्हाला राष्ट्रसंघ स्थापन झाला. त्याच्या सनदेचे पाचवे कलम असे होते की, सनदेत वेगळे सांगितले नसेल तेथे प्रत्येक निर्णयाला हजर असलेल्या सर्व सभासदांची संमती हवी. पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो. राष्ट्रसंघाचा आग्रह असा की पाचही मुखांतून एकच शब्द निघाला पाहिजे. त्या राष्ट्रसंघाचा उपमहासचिव म्हणून एक तिशीतला फ्रेंच माणूस काही वर्षे काम करीत होता. त्याचे नाव जाँ मॉने. कोन्याक गावच्या ब्रँडीच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा. विद्यापीठाची पदवी नाही, वकिली नाही, निवडणूक कधी लढवली नाही. पण एक राष्ट्र 'नाही' म्हणाले की बाकीच्या साऱ्यांचे शहाणपण कसे वाया जाते, हे त्याने जिनीव्हात डोळ्यांनी पाहिले. नकाराधिकार हा राष्ट्रांच्या स्वार्थापलीकडे न जाता येण्याचे मूळ आहे, हे मत त्याने आयुष्यभर सोडले नाही; आठवणी लिहितानाही ते मांडले.

दुसरे महायुद्ध झाले. युरोप भाजून निघाला. जर्मनीच्या ऱ्हूर खोऱ्यातला कोळसा आणि पोलाद यांचे काय करावयाचे, हा फ्रान्सपुढे यक्षप्रश्न होता. ते कारखाने बंद ठेवावे तर युरोप उपाशी, आणि सुरू करावे तर पुन्हा तोफा ओतल्या जाण्याचे भय. मॉने यांनी तोड काढली की, दोन्ही देशांचे कोळसा आणि पोलाद एका तिसऱ्याच अधिकाराखाली ठेवावे, म्हणजे कोणालाच गुपचूप युद्धाची तयारी करता येणार नाही. परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमां यांनी ही योजना आपली म्हणून ९ मे १९५० रोजी पॅरिसमध्ये जाहीर केली. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग अशा सहा राष्ट्रांनी १८ एप्रिल १९५१ रोजी करारावर सह्या केल्या. करारपत्र फ्रान्सच्या सरकारी छापखान्यात छापलेले, कागद डच, शाई जर्मन, बांधणी बेल्जियम-लक्झेंबर्गची आणि रेशमी फिती इटलीच्या. लग्नाच्या याद्यांवरही दोन्ही पक्षांचा इतका सारखा खर्च पडत नसेल.

या गंमतीपेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसरीच होती. मॉने यांच्या मूळ कल्पनेत सारा अधिकार एका उच्चाधिकार मंडळाकडे होता. त्याच्या सभासदांनी आपापल्या देशांचे वकील म्हणून वागावयाचे नाही, कोणत्याही सरकारचा हुकूम घ्यावयाचा नाही. लहान राष्ट्रांना याची धास्ती वाटली. हे सभासद उद्या पॅरिस आणि बॉन यांच्या तंत्राने चालू लागले तर आमचे काय? म्हणून डच आणि बेल्जियन यांनी हट्ट धरून मंडळाच्या जोडीला सहा सरकारांच्या मंत्र्यांची परिषद बसवून घेतली. आज युरोपात कायदा करताना एकीकडे आयोग आणि दुसरीकडे मंत्रिपरिषद अशी जी जोडी दिसते, तिचा जन्म त्या धास्तीत आहे.

पुढचे पाऊल चुकले. सहा राष्ट्रांचे एकच सैन्य करावे अशी योजना निघाली, १९५२ साली करारही झाला. परंतु ज्या फ्रान्सने ती काढली त्याच फ्रान्सच्या लोकसभेने ३० ऑगस्ट १९५४ रोजी ३१९ विरुद्ध २६४ मतांनी ती मोडून टाकली. तलवार दुसऱ्याच्या हाती द्यावयास कोणी तयार नाही, बाजाराची तागडी मात्र देऊन पाहता येईल, हा धडा घेऊन सहाजण पुढच्या वर्षी मेसीना येथे जमले, आणि २५ मार्च १९५७ रोजी रोमचा करार झाला. जकातीच्या भिंती पाडून सामायिक बाजार उभारावयाचा, हे त्याचे सूत्र.

रोमच्या करारातली मत मोजण्याची रीत मुद्दाम पाहण्यासारखी आहे, कारण पुढचे सारे भांडण तिच्यावरूनच झाले. फ्रान्स, जर्मनी व इटली यांना प्रत्येकी ४ मते, बेल्जियम व नेदरलँड्स यांना २, लक्झेंबर्गला १, एकूण १७. निर्णयाला १२ हवीत. पश्चिम जर्मनीची वस्ती तेव्हा पाच कोटींहून अधिक, लक्झेंबर्गची तीन लाखांच्या आसपास. तेव्हा डोकी मोजावयाची तर एक मतही लक्झेंबर्गला फार होते. पण दुसऱ्या बाजूने पाहा. तीन मोठ्यांची मते मिळून बरोबर १२ होतात. म्हणजे तीन थोरांनी संगनमत केले की तीन धाकट्यांना विचारण्याचे कारणच नाही! यावर करारकर्त्यांनी फार चतुर इलाज केला. ठराव आयोगाने मांडलेला असेल तरच ही १२ मते पुरेत. अन्यथा त्या १२ मतांमागे निदान चार राष्ट्रे हवीत. आणि आयोगाच्या मसुद्यात त्याच्या इच्छेविरुद्ध काना-मात्रा बदलावयाची तर सहाही जणांचे एकमत हवे. म्हणजे मोठ्यांना तिघांनीच निर्णय घ्यावयाचा असेल तर आयोगाने लिहिलेलाच घ्यावा लागे. मसुदा लिहिण्याचा अधिकार ही लहानांच्या हातातली ढाल झाली. ज्या डच आणि बेल्जियनांना सुरुवातीला असल्या मंडळाची भीती वाटत होती, तेच पुढे आयोगाचे सर्वांत मोठे कैवारी झाले.

मात्र हे बहुमत लगेच लागू व्हावयाचे नव्हते. पहिली आठ वर्षे महत्त्वाच्या बहुतेक बाबी एकमतानेच चालावयाच्या होत्या. त्या काळात एकमत म्हणजे काय दिव्य असते याचा अनुभव सर्वांनी घेतला. १९६१ च्या अखेरीस शेतीविषयक नियम ठरावयाचे होते. ३१ डिसेंबर उजाडला, नियम ठरेनात. तेव्हा मंत्र्यांनी सभागृहातले घड्याळ थांबवले आणि बैठक पुढे चालू ठेवली. ते घड्याळ सुटले १४ जानेवारी १९६२ रोजी. आयोगाचे अध्यक्ष वॉल्टर हाल्श्टाइन यांनी मागाहून हिशेब दिला तो असा: ४५ बैठका, त्यांतल्या ७ रात्रीच्या; १३७ तास चर्चा; आणि तीन जणांना हृदयविकाराचे झटके. डुकराचे मांस, अंडी आणि धान्य यांच्या भावासाठी! याच जागरणातून एक छोटी व्यवस्था निघाली. रोजच्या तपशिलासाठी मंत्र्यांना पुन्हा पुन्हा बसवू नये. आयोगाने हुकूम काढावा आणि राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांच्या समितीने त्यावर नजर ठेवावी. अशा समित्या पुढे शेकड्यांनी झाल्या, त्यांच्या रीती वेळोवेळी बदलल्या, आणि २०१४ साली आपल्या आंब्यावर बसली ती त्याच कुळातली एक.

आता त्या खुर्चीची गोष्ट.

१ जानेवारी १९६६ पासून पुष्कळ विषयांत बहुमत सुरू व्हावयाचे होते. त्याआधी मार्च १९६५ मध्ये हाल्श्टाइन यांनी एक जुडगा मांडला: शेतीच्या खर्चाची सोय, संघाला स्वतःचे उत्पन्न, आणि त्या उत्पन्नावर युरोपीय संसदेला काही अधिकार. पहिली गोष्ट फ्रान्सला हवीच होती, कारण फ्रेंच शेतकऱ्याचा तीत फायदा. उरलेल्या दोन फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांना विषासमान. हाल्श्टाइन यांचा डाव असा की गोडाबरोबर कडूही गिळावयास लावावे. त्यातून त्यांनी ही योजना सरकारांना सांगण्यापूर्वी स्ट्रासबुर्गच्या संसदेत बोलून दाखवली. द गॉल यांना हे आवडण्यासारखे नव्हतेच. परदेशी वकिलांची अधिकारपत्रे हाल्श्टाइन राजासारखी स्वीकारतात याचाही त्यांना राग होता.

द गॉल यांची बाजू मात्र नीट ऐकली पाहिजे. त्यांना नुसते हेकेखोर म्हणून निकालात काढण्याचा जो प्रघात आहे तो आम्हाला मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे होते की, माणसे कायदा पाळतात ती तो आपल्या राष्ट्राचा आहे म्हणून. ज्यांना कोणी निवडून दिले नाही अशा तज्ज्ञांनी मसुदा लिहावयाचा, आणि परक्या देशांच्या मंत्र्यांनी मते टाकून तो फ्रान्सवर लादावयाचा, याला लोकांची मान्यता कोठून आणणार? हा प्रश्न त्या वेळी खरा होता, आणि आजही तो पुसला गेलेला नाही.

३० जून ही शेतीच्या खर्चाची मुदत. त्या रात्री ब्रुसेल्सच्या बैठकीत अध्यक्षपदी फ्रान्सचेच परराष्ट्रमंत्री कूव्ह द म्यूरव्हिल होते. बाकीच्यांना वाटले, नेहमीप्रमाणे घड्याळ थांबेल, पहाटेपर्यंत काहीतरी निघेल. परंतु मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास कूव्ह यांनी एकमत नाही असे जाहीर करून सभा बरखास्त केली. काही दिवसांत फ्रान्सचा ब्रुसेल्समधील कायमचा प्रतिनिधी परत बोलावण्यात आला. मंत्रिपरिषदेत फ्रान्सची खुर्ची रिकामी पडली, ती सात महिने. ९ सप्टेंबरच्या वार्ताहर परिषदेत द गॉल यांनी उघडच सांगितले की, भांडण नुसत्या शेतीचे नाही, येऊ घातलेल्या बहुमताचे आहे.

उरलेल्या पाचांनी या वेळी जे केले त्याकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. पाचांनी मते टाकून कायदे करावयास कायद्याने बहुधा हरकत नव्हती. त्यांनी तसे केले नाही. दुसऱ्या बाजूने, घाबरून करारही बदलून दिला नाही. खुर्ची तशीच ठेवून ते बसत राहिले, अगदी अडलेली कामे पत्रोपत्री उरकत राहिले, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी फ्रान्सला आमंत्रण धाडले की आयोगाला वगळून केवळ मंत्र्यांनी एकदा बसावे. इकडे फ्रान्समध्ये अध्यक्षपदाची निवडणूक आली. शेतकऱ्यांच्या मोठ्या संघटनेने द गॉल यांना मत देऊ नये असा इशारा दिला. डिसेंबरच्या पहिल्या फेरीत त्यांना निम्मीही मते पडली नाहीत. दुसऱ्या फेरीत मितराँ यांच्याशी सामना देऊन ते निवडून आले. फ्रेंच शेतकऱ्याला सामायिक बाजार हवा होता, हे त्यावरून दिसले.

जानेवारी १९६६ मध्ये लक्झेंबर्ग येथे दोन बैठका झाल्या आणि २९ तारखेला तडजोड निघाली. ती विलक्षण आहे. एखाद्या राष्ट्राचे अत्यंत महत्त्वाचे हित गुंतले असेल तेथे वाजवी मुदतीत सर्वांना पटेल असा तोडगा काढण्याचा प्रयत्न करावा, हे सर्वांना मान्य. असा तोडगा न निघाल्यास एकमत होईपर्यंत चर्चा चालूच राहिली पाहिजे, हे फ्रान्सचे मत. आणि पुढे काय करावयाचे यावर सहाजणांत मतभेद आहे, याची सहाही जणांकडून नोंद! भाऊबंदकीच्या वाटणीपत्रात 'विहिरीबद्दल आमचे जमले नाही' असे लिहून सगळ्यांनी अंगठे उठवावे, त्यातला प्रकार. कायद्याने या कागदाला काडीची किंमत नव्हती. करारातले बहुमताचे कलम जागच्या जागी राहिले. परंतु पुढची सुमारे वीस वर्षे युरोपने वागणूक ठेवली ती या कागदाप्रमाणे. 'आमचे महत्त्वाचे हित' हे शब्द कोणी उच्चारले की अध्यक्ष मत घेत नसत. हाल्श्टाइन १९६७ साली पायउतार झाले.

याचा परिणाम काय झाला? वास्तुविशारदांच्या पदव्या एकमेकांनी मान्य कराव्या, एवढ्या एका निर्देशाला सुमारे सतरा वर्षे लागली. सभासद सहाचे नऊ झाले, नवांचे दहा झाले. तोंडे वाढली, एकमत लांबले.

आणि तरीही, याच काळात दुसऱ्या एका दालनात अगदी उलट गोष्ट घडत होती. ते दालन लक्झेंबर्गच्या न्यायालयाचे. जर्मनीहून एक रसायन आणणाऱ्या डच वाहतूकदार पेढीवर ३ टक्क्यांऐवजी ८ टक्के जकात बसली. तिने दाद मागितली. फेब्रुवारी १९६३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, रोमचा करार हा केवळ सरकारांमधला नाही, त्यातून साध्या नागरिकालाही हक्क मिळतात. पुढच्या वर्षी मिलानच्या कोस्टा नावाच्या वकिलाने विजेचे १,९२५ लिरांचे बिल भरावयाचे नाकारले, आणि त्या भांडणात न्यायालयाने सांगितले की संघाचा कायदा आणि राष्ट्राचा कायदा यांत विरोध आला तर संघाचा वरचढ. आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एकदा झालेला कायदा आता सुटण्यासारखा राहिला नव्हता. तेव्हा तो होतानाच अडवून धरण्याची किल्ली कोणाला सोडवेल? न्यायालयाने कायदा जितका घट्ट केला, तितके मंत्री नकाराधिकाराला घट्ट धरून बसले, असे आमचे मत आहे. द गॉल यांच्या एकट्याच्या स्वभावाने वीस वर्षांचा उलगडा होत नाही.

हा पीळ सैल होण्याची दोन निमित्ते झाली, आणि दोन्हींत इंग्लंड होते. १९८२ साली इंग्लंडने संघाच्या खर्चातला आपला वाटा कमी करून घेण्यासाठी शेतीच्या वार्षिक भावांना अडवून धरले आणि 'महत्त्वाचे हित' म्हटले. १८ मे रोजी बाकीच्यांनी सरळ मत घेतले. डेन्मार्क आणि ग्रीस यांनीही तत्त्वासाठी मतदानात भाग घेतला नाही. तरी ठराव मंजूर झाला. अडवणूक ज्या विषयाची, हित त्याच विषयात असले पाहिजे, दुसऱ्या भांडणासाठी हा शब्द वापरता येणार नाही, असा त्याचा अर्थ निघाला. मग जून १९८५ मध्ये मिलानच्या शिखर परिषदेत, बहुमताचे क्षेत्र वाढवण्यासाठी करार दुरुस्त करावा का, असा प्रश्न आला. यजमान इटलीचे पंतप्रधान क्राक्सी यांनी, अशी परिषद बोलवावी की नाही यावर चक्क मत घेतले. आजवर त्या मेजावर असे कधी झाले नव्हते. सात विरुद्ध तीन. थॅचरबाई संतापल्या. पण त्या उठून गेल्या नाहीत, हे महत्त्वाचे. इंग्लंडलाही सामायिक बाजाराचे उरलेले अडथळे दूर व्हावयास हवेच होते, आणि त्यासाठी लागणारे सुमारे तीनशे कायदे एकमताच्या वाटेने शतक संपले तरी झाले नसते. १९८६ च्या करारावर त्यांचीही सही आहे. खुर्ची सोडून जाण्यापेक्षा खुर्चीवर बसून हरणे फायद्याचे आहे, हा हिशेब वीस वर्षांनी सर्वांच्या ध्यानात आला.

संसदेची कहाणी मोठी आहे. ती येथे थोडक्यातच आटपतो. आरंभी ती नुसती सल्लागार सभा होती. १९७९ साली प्रथमच लोकांनी तिला थेट निवडून दिले. त्याच वर्षी मंत्र्यांनी मक्यापासून होणाऱ्या साखरपाकाचा नियम तिच्या मताची वाट न पाहताच काढला; १९८० साली न्यायालयाने तो रद्द ठरवला. सल्ला मानू नका, पण विचारावे लागेल! एवढ्या चिंचोळ्या फटीतून ती आत शिरली, आणि १९९३ साली अमलात आलेल्या मास्ट्रिख्टच्या कराराने काही विषयांत तिच्या संमतीवाचून कायदा होईना. २००९ पासून लिस्बनच्या कराराने ती रीत सर्वसाधारण झाली.

आज कायदा होतो तो असा. मसुदा आयोग लिहितो. तो अधिकार अजून त्याचाच आहे. मसुदा एका बाजूला ७२० सभासदांच्या संसदेत जातो, तेथे समितीतला एक सभासद त्याचा कारभारी होतो. दुसऱ्या बाजूला तो मंत्रिपरिषदेत जातो. पण मंत्र्यांपुढे येण्याआधी २७ राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांचे कार्यगट आणि त्यावर राजदूतांची समिती त्याला चाळून घेते; जे तेथे जमले ते मंत्री चर्चेवाचून मंजूर करतात. २०१४ पासून भारित मते गेली. आता निदान ५५ टक्के राष्ट्रे, म्हणजे २७ पैकी १५, आणि त्यांत संघाची ६५ टक्के लोकसंख्या असली की ठराव मंजूर. अडवावयाचे तर निदान चार राष्ट्रे एकत्र यावी लागतात. खरी घासाघीस मात्र आयोग, संसद आणि परिषद यांच्या मोजक्या प्रतिनिधींच्या बंद खोलीतल्या बैठकीत होते. करारात या बैठकीचे नावही नाही. चार रकान्यांचा तक्ता मांडून तीन पक्षांचे तीन मजकूर शेजारी लिहितात आणि चौथ्या रकान्यात तडजोड भरत जातात. हे तक्ते सरसकट गुप्त ठेवता येणार नाहीत असा निकाल २०१८ साली न्यायालयाने दिला. द गॉल यांनी विचारलेला प्रश्न येथे नव्या वेषात उभा राहतो, असे आम्हाला वाटते: लोक निवडून देतात ते भरल्या सभागृहासाठी, आणि शब्द ठरतात ते बंद खोलीत.

बहुमताची सोय असूनही परिषदेतले बहुसंख्य निर्णय आजही कोणी विरोधी मत न टाकता होतात. पण १९७० चे एकमत आणि आजचे एकमत यांत फरक आहे. मत घेतले जाऊ शकते हे ठाऊक असले की माणूस अडवणुकीऐवजी सौदा करतो. आपल्याकडच्या वस्तू व सेवा कर परिषदेचा अनुभव काही निराळा नाही. तिलाही मतांचे गणित घटनेनेच दिले आहे, पण पहिली तीन वर्षे ते कोणी मांडले नाही, आणि डिसेंबर २०१९ मध्ये प्रथम मत पडले ते लॉटरीवरील करावरून.

मात्र हे हत्यार सगळीकडे चालत नाही. २२ सप्टेंबर २०१५ रोजी १ लाख २० हजार निर्वासितांची वाटणी मंत्रिपरिषदेने बहुमताने ठरवली. चेक, स्लोव्हाकिया, हंगेरी आणि रुमानिया विरुद्ध गेले. हंगेरी व स्लोव्हाकिया न्यायालयात हरले; निर्णय कायदेशीर ठरला; आणि ठरलेली संख्या कधीच गाठली गेली नाही. पोलंड, हंगेरी आणि चेक यांनी कर्तव्य मोडले असे न्यायालयाने २०२० साली पुन्हा सांगितले. पण तोवर त्या योजनेची मुदत केव्हाच संपली होती. आंब्याच्या पेटीबद्दल हरलेले राष्ट्र निमूट कायदा पाळते. दारात कोण येणार याबद्दल हरलेले राष्ट्र पाळीलच असे नाही. ती रेघ कोठे ओढावयाची हे कोणत्याही टक्केवारीत लिहिलेले नाही. म्हणूनच कर, परराष्ट्रनीती आणि नव्या सभासदाला आत घेणे या बाबी अजून एकमतावर ठेवलेल्या आहेत.

नव्या सभासदाचाच प्रश्न १४ डिसेंबर २०२३ रोजी ब्रुसेल्सच्या शिखर परिषदेपुढे होता. युक्रेनशी प्रवेशाची बोलणी सुरू करावयाची की नाही? सव्वीस जण तयार, हंगेरीचे त्या वेळचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान विरुद्ध. नाही म्हणावे तर सारे अडले, होय म्हणावे तर स्वतःचा शब्द मोडला. जर्मनीचे चॅन्सेलर शोल्त्स यांनी सुचवले की त्यांनी थोडा वेळ बाहेर जावे. ऑर्बान उठले आणि बाहेर गेले. खुर्ची रिकामी राहिली; आणि ती रिकामी असताना आतल्या सव्वीस जणांनी निर्णय घेतला. १९६५ साली खुर्ची रिकामी करून एका राष्ट्राने सारे थांबवले होते, येथे खुर्ची रिकामी झाली म्हणून काम पुढे सरकले. नंतर त्याच रात्री, त्याच खुर्चीवर परत बसून, ऑर्बान यांनी युक्रेनला द्यावयाच्या ५० अब्ज युरोंच्या मदतीला नकार दिला. ती मदत १ फेब्रुवारी २०२४ रोजी, सत्तावीसही खुर्च्या भरलेल्या असताना, एकमताने संमत झाली.